नानांच्या दाखल्यावरचं कुंकू

पांढऱ्या चादरीवर पांढरा कागद ठेवला तर फोनला तो दिसत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शोधून काढलं. स्कॅन करायचं उघडलं की पडद्यावर एक निळी चौकट येते. ती आपली आपण कागदाचे चारी कोपरे शोधते, आणि सापडले की खट् करून फोटो घेते. पण खाली पांढरी चादर असली की बिचारी नुसती हिंडत राहते. कधी उशीला धरते, कधी माझ्या पायाच्या अंगठ्याला. म्हणून मी खाली काळी घोंगडी अंथरते. घोंगडीवर कागद ठेवला की एका झटक्यात चारी कोपरे हजर.

अशा बारीकसारीक गोष्टी मला पुष्कळ ठाऊक झाल्यात. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसलं की आपल्याच डोक्याची सावली कागदावर पडते. काचेच्या बांगड्या मागे सारून घ्याव्या लागतात, नाहीतर त्यांची चमक कागदावर नाचते. आणि लॅमिनेशन केलेला कागद सगळ्यात वाईट. त्यात खिडकी दिसते, पंखा दिसतो, कागद तेवढा दिसत नाही. मी दुपारी चारच्या पुढे बसते, गॅलरीच्या दारात. गॅलरीत नाही हं, दारात. उजेड तिरका पाहिजे.

हा फोन माझ्या नातीचा जुना. तिला अकरावीला नवा घेतला तेव्हा हा माझ्याकडे आला. म्हणाली, "आजी, यात सगळं आहे, तू फक्त बोट लावत जा." मी बोट लावत गेले. दुसरं काय, दिवसभर घरात मी आणि आमचे हे. मुलगा अंबडला कंपनीत, सून दवाखान्यात रिसेप्शनला, नात कॉलेज आणि क्लास. पंचवटीतल्या बाजारातून आणलेली भाजी निवडून झाली की मी मोकळी. मग मला एकेक प्रश्न पडायचे. या चौकोनी ठिपक्यांच्या कोडला तीन कोपऱ्यांतच मोठे चौकोन का असतात, चौथ्यात का नाही? बोटाने एक चौकोन झाकला तर फोनला तो ओळखता येतो का? (नाही येत. मधले ठिपके थोडे झाकले तर मात्र येतो.) बिस्किटाच्या पुड्यावरच्या उभ्या रेघा आडव्या धरल्या तर? (तरी वाचतो. मला वाटलं होतं अडेल.) अळूचं पान दाखवलं तर अळू म्हणाला, तेरड्याचं रोप दाखवलं तर तेरडा म्हणाला, आणि यांच्या टकलावर धरला तर काय म्हणाला ते मी लिहीत नाही.

"आता मलाच स्कॅन कर एकदा," हे म्हणाले. "कुठं काय बिघडलंय ते कळेल."

"चारी कोपरे सापडायला हवेत ना," मी म्हटलं.

हळूहळू बिल्डिंगमधली माणसं कागद घेऊन यायला लागली. खालच्या मजल्यावर एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका राहतात. ते पेन्शनचे कागद घेऊन यायचे आणि दारातूनच ओरडायचे, "वहिनी, दुकान उघडलं का?" मी घोंगडी अंथरायचे, ते चहा प्यायचे, दहा मिनिटांत कागद त्यांच्या मुलीकडे रवाना. मी चौथी शिकलेली बाई. मला या गोष्टीचा किती आनंद व्हायचा, सांगता येत नाही.

तर अशी माझी ऐट चाललेली असताना नातीचा तो कागद आला.

नातीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. लहानपणापासून. दिंडोरीकडे आमचं गाव आहे, तिथे एकदा गाय अडली होती, तेव्हा आलेल्या डॉक्टरीणबाईला हिने खांद्यापर्यंत हात घालताना पाहिलं आणि तिथंच ठरवलं. आता आपल्या राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. बारावीतच अर्ज भरावा लागतो. आणि त्याला पुरावा लागतो जुना, पणजोबांच्या काळातला. आमच्याकडे तसा एकच कागद, माझ्या सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला. सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. त्या दाखल्यावर नानांची जात होती, आणि ते शाळेत दाखल झाले ती तारीख. ती तारीखच महत्त्वाची, कारण ठरावीक सालाच्या आधीची नोंद असली की पुरावा पक्का धरतात.

"आजी, तूच कर स्कॅन," नात म्हणाली. "तुझे चांगले येतात."

मी पत्र्याची पेटी काढली. या पेटीत आमच्या घराचे, गावच्या जमिनीचे, सगळ्यांच्या जन्माचे कागद. नानांचा दाखला सगळ्यात वर, जाड पिवळट कागद, घडीवर विरलेला. घोंगडीवर ठेवला. चौकट आली, खट् झालं. स्कॅनमध्ये रंगांचे प्रकार असतात. जसा आहे तसा, उजळ, आणि काळा-पांढरा. काळ्या-पांढऱ्यात जुना पिवळा कागदही नव्यासारखा दिसतो, म्हणून मी तो निवडला. नातीने घाईघाईत अर्जाला जोडला. तिचा क्लास होता. मीही चष्मा न लावता पाहिला आणि छान म्हटलं.

नवरात्र संपलं, दसरा झाला, आणि तिच्या फोनवर मेसेज आला. अर्जात त्रुटी. दाखला अस्पष्ट, दाखल तारीख वाचता येत नाही, पंधरा दिवसांत पूर्तता करावी.

आम्ही दोघींनी मग तो स्कॅन मोठा करून पाहिला. दाखल तारखेच्या ओळीवर पाच काळे डाग. त्याखाली इयत्तेच्या ओळीवर एक मोठा काळा गोळा. जसं काही कुणी मुद्दाम शाई ओतलीय.

"हे काय आहे?" नात म्हणाली. तिने पेटीतून खरा कागद काढला. डाग लाल होते. काठाला पिवळे.

मला लगेच कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पाटावर कागदांचीही पूजा होते. पेटी उघडायची, वरचा कागद ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं. नानांच्या वेळेपासून. वरचा कागद म्हणजे नानांचा दाखला, नेहमीचाच. मी पाच बोटं लावायचे, ओल्या बोटाने आधी हळद मग कुंकू, कागदाच्या मधोमध, दर वर्षी त्याच जागी. जागा चुकू नये म्हणून आधीच्या वर्षीच्या डागावरच बोट ठेवायचे. एवढी वर्षं! जिथे बोट ठेवत होते तिथे काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नाही. पूजेचा कागद कोण वाचतं?

"आजी, दाखल्याची पूजा कोण करतं गं?" नात म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता गेलं ना माझं." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मुलगा दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेला. शाळेच्या जुन्या रजिस्टरमधून नवा उतारा मिळेल या आशेने. संध्याकाळी हात हलवत परत आला. त्या वर्षांची रजिस्टरं वाळवीने खाल्लेली, हेडमास्तरांनी तसं लिहून द्यायची तयारी दाखवली, पण त्याने काय होणार. म्हणजे नानांची तारीख जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या कुंकवाखाली.

सून म्हणाली, "आई, खोडरबराने हलकेच घासून बघू का?" मी तिला हात लावू दिला नाही. कोरड्या कापसाने वरवरचं कुंकू मात्र मी झटकलं. जे सुटं होतं ते आलं. बाकीचं कागदात मुरलेलं. खाली निळी शाई असल्याचं जाणवत होतं, कुठे एखादी वेलांटी, कुठे आकड्याचं शेपूट. पण आकडा कुठला ते सांगता येईना. हे भिंग घेऊन बसले. "हा तीन आहे," म्हणायचे, मग थोड्या वेळाने, "नाही, आठ असेल." नात जेवायला बसायची, उठायची. माझ्याशी बोलायची, पण मी पाहुणी असल्यासारखी. "आजी, भात वाढू का?" एरवी माझ्या ताटातला पापड न विचारता उचलणारी पोरगी.

मला वाईट वाटत होतं ते होतंच. पण खरं सांगते, त्याच्याबरोबर डोक्यात एक किडा वळवळत होता. लाल रंग फोनला काळा का वाटला? हळद पिवळी, ती तर काळी झाली नव्हती, हळद पुसून पांढरी झाली होती. मग कुंकवानेच काय घोडं मारलंय? मी जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक एक ठिपका काढला. कुंकवाचा, हळदीचा, निळीचा, पालकाच्या पानाचा रस चोळून एक. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं. हळद गायब, पालक राखाडी, कुंकू आणि नीळ दोन्ही काळे. म्हणजे फोनला त्या प्रकारात रंग कळत नाही, नुसतं गडद आणि फिकं कळतं. कुंकू गडद, शाई गडद. गडदावर गडद. म्हणून गोळा.

आता कुंकू फिकं कसं करायचं, आणि शाई तशीच गडद कशी ठेवायची? यावर माझी दोन दुपारं गेली. नातीचे दिवस कमी होत होते आणि मी पालक चोळत बसले होते.

रविवार आला. दिवाळीची साफसफाई. सून स्टुलावर चढून माळ्यावरनं गेल्या वर्षीचा आकाशकंदील काढत होती. दर वर्षी आम्ही घरीच करतो, बांबूच्या कामट्या आणि जिलेटीनचा कागद. त्याच्या एका बाजूचा लाल कागद सुटून लोंबत होता. तो मी ओढून घेतला, फाटलाय का बघायला उजेडाकडे धरला, आणि त्यातून वर सुनेकडे पाहिलं.

तिच्या कपाळावर टिकली नव्हती.

मला धस्स झालं. मी कागद खाली घेतला. टिकली होती. लाल, मोठी, रोजची. कागद डोळ्यापुढे धरला, टिकली नाही. काढला, आहे.

"आई, काय बघताय अशा?" सून स्टुलावरून म्हणाली.

"हलू नको," मी म्हटलं. "तुझं गंगावन पण बघते. काळं आहे ना? ते दिसतंय. भुवया दिसतात. टिकलीच नाही तेवढी."

"अहो आई, बरं आहे ना तुम्हाला?"

मी पेटीकडे गेले. दाखला घोंगडीवर ठेवला, लाल जिलेटीन डोळ्यापुढे धरलं. सगळा कागद लाल दिसत होता, अन् त्या लालात कुंकवाचे डाग विरघळून गेले होते, साखर चहात विरघळते तसे. आणि शाई! निळी शाई काळी कुळकुळीत झाली होती. थोडी पसरलेली, पण अक्षर न् अक्षर आपापल्या जागेवर उभं.

"अगं ए!" मी नातीला हाक मारली. "बाहेर ये आधी!"

ती आली. मी लाल कागद तिच्या हातात दिला. तिने पाहिलं. आधी माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. मग तिने माझा फोन घेतला, जिलेटीनचा तुकडा कापून कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने लावला, आणि दाखल्याचा फोटो काढला. पडदा सगळा लालभडक. मग काळा-पांढरा केला. डाग नाहीत. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं. दाखल झाल्याची तारीख, महिना, साल, सगळं. आणि साल हवं त्याच्या आधीचं. चांगलं आधीचं.

नात तिथेच घोंगडीवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच माहीत. सूनही स्टुलावरून उतरून आली. तिलाही एकेक करून सगळं दाखवलं, आधी तिचीच टिकली आरशात.

मग नात उठून बसली. "थांब आजी, पूर्ण वाचून बघते. परत त्रुटी नको यायला." सून चहा टाकायला आत गेली होती. नात एकेक ओळ वाचायला लागली. नाव बरोबर. जात बरोबर. दाखल तारीख बरोबर. वर्तणूक चांगली. आणि मग ती थांबली.

"आजी, पणजोबा सातवी पास होते ना?"

"सातवी फायनल," मी म्हटलं.

"इथं इयत्ता दुसरी लिहिलंय. शाळा सोडण्याचं कारण, सतत गैरहजर."

मी पटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. "हळू बोल," मी म्हटलं.

आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं. नानांचं सातवी फायनल हा आमच्या घरातला मोठा मान होता. त्या काळी सातवी झालेला माणूस मास्तर व्हायचा. नाना पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, म्हणजे पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघायचे. पण सगळ्या गावाला सांगायचे, मी ठरवलं असतं तर मास्तर झालो असतो. आमचे हे तर अजून सांगतात. मुलाने कधी मार्क कमी आणले की, "तुझे आजोबा त्या काळात सातवी फायनल होते," हे ठरलेलं. आणि मी लग्न होऊन आले तेव्हा नाना मला म्हणायचे, "आमच्या सूनबाई चौथी. पापड चांगले लाटतात." दात दिसायचे नाहीत, पण मिशी हसायची.

आणि तेच नाना दुपारच्या एस.टी.ने पेपर आला की मला बोलवायचे. "चष्मा कुठं ठेवला कोण जाणे. वाच बरं तू." मी ओसरीच्या कडेला बसून बोट ठेवत वाचायचे. अडखळले की म्हणायचे, "तसं नसेल ते. पुन्हा बघ. मंत्री असं कशाला बोलेल?" मी पुन्हा बघायचे, आणि खरंच तसं नसायचं. मला वाटायचं, एवढ्या लांबून कसं दिसतं यांना! रोज वाचलं, पंधरा वर्षं वाचलं. मला आज जे काही वाचता-लिहिता येतं ते त्या ओसरीवरचं. चष्मा कधीच सापडायचा नाही. नाना गेल्यावर तो मला त्यांच्या पिशवीत सापडला, नव्यासारखा, दांडीला दुकानातलं लेबल अजून चिकटलेलं.

त्या दिवशी घोंगडीवर बसून मला ते लेबल आठवलं.

आणि आणखी एक आठवलं. कागदावर पाच बोटं माझी. पण खालचा मोठा डाग, इयत्तेच्या ओळीवरचा, तो माझा नव्हता. तो नानांचा. लक्ष्मीपूजनाला नाना स्वतः अनामिका बुडवून तिथे एक गोल लावायचे, मोठ्ठा, चांगला दाबून. ते गेल्यावर मी त्यांच्या गोलावरही दर वर्षी कुंकू चढवत राहिले, मानाची जागा म्हणून. मुद्दाम लावत असतील का ते? की जागा रिकामी होती म्हणून? मला आजही ठरवता येत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय, पालकाच्या रसापेक्षा जास्त.

नात माझ्याकडे बघत होती. "आजोबांना सांगायचं?"

"तुला काय वाटतं?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. हे पेपर खाली न घेता म्हणाले, "सापडली का गं तारीख?"

"सापडली आजोबा!" ती ओरडली. आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही म्हणून.

आम्ही दोन्ही फोटो जोडले, जसा आहे तसा लाल डागांचा, आणि खाली जिलेटीनचा. मुदतीच्या चार दिवस आधी. मी त्या दिवशी तिच्या ताटातला पापड न विचारता उचलला. तिने माझ्या ताटातला उचलला.

पण गोष्ट इथे संपली नाही. डिसेंबरात पडताळणीच्या ऑफिसातून मूळ कागद घेऊन बोलावलं. नातीची परीक्षा जवळ आलेली, तरी तिला जाणं भागच, आणि मुलाला रजा नाही. म्हणून ती, मी आणि आमचे हे. हे म्हणाले, "माझ्या बापाचा कागद आहे, मी येणार." रिक्षा द्वारकेच्या सिग्नलला अडकली तेव्हा हे रिक्षावाल्याला सांगत होते, "वडील सातवी फायनल होते आमचे." नातीने माझा हात दाबला.

ऑफिसात यांच्या गुडघ्यामुळे त्यांना बाहेर बाकावर बसवलं. दार उघडंच होतं. आत टेबलामागे एक मॅडम, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी स्क्रीनवरचे दोन्ही फोटो पाहिले, हातातला कागद पाहिला, आणि डोळे बारीक केले.

"हा दुसरा फोटो एडिट केलाय का? यात डागच नाहीत. खऱ्या कागदावर तर आहेत."

नात माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मी पुन्हा ते बंद दार पाहिलं. मी पिशवी उघडली, डब्यातून लाल जिलेटीनचा तुकडा काढला आणि मॅडमपुढे धरला.

"मॅडम, यातून बघा."

"हे काय?"

"आकाशकंदिलाचा कागद. बघा तरी."

त्यांनी बघितलं. कागद खाली केला. परत बघितलं. मग शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना म्हणाल्या, "सर, इकडे या जरा." ते आले, त्यांनीही बघितलं. दोघांनी मिळून स्वतःच्या टेबलावरचा लाल शिक्का, लाल पेनची खूण, मॅडमची टिकली, सगळं बघून घेतलं. मग मॅडम दाखला वाचायला लागल्या, मोठ्याने, जशी त्यांची रीत असेल तशी.

"दाखल तारीख... हं, बरोबर आहे. जात बरोबर. वर्तणूक चांगली. शाळा सोडतानाची इयत्ता..."

मी खोकले. जोरात खोकले. "मॅडम, तेवढं जरा मनात वाचा."

त्यांनी मान वर केली. "का?"

मी दाराकडे मान केली. "बाहेर त्यांचे चिरंजीव बसलेत."

मॅडमनी दाखल्याकडे पाहिलं, बाहेर बाकावर बसलेल्या यांच्याकडे पाहिलं, आणि ओठ आवळून धरले. "इयत्तेचं आम्हाला काही काम नसतं आजी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आम्हाला तारीख आणि जात." आणि सही केली. निघताना विचारलं, "तो कागदाचा तुकडा ठेवू का मी? असे कुंकवाचे कागद खूप येतात हो आमच्याकडे."

मी देऊन टाकला. घरी अख्खा ताव होता.

बाहेर आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणाल्या? नानांचं सातवी बघून चकित झाल्या असतील."

"चकित तर झाल्याच," नात म्हणाली.

प्रमाणपत्र उन्हाळ्यात आलं, ईमेलने. त्यावर कोपऱ्यात चौकोनी कोड होता. मी फोन धरला, कोड वाचला, आणि खरं असल्याचा शेरा आला. तीनदा धरला, नुसता बघायला. नातीला प्रवेश मिळाला. आता ती दूर हॉस्टेलला असते, फोन केला की मागे गाई हंबरतात.

यंदाच्या दिवाळीला ती आली ती एक जाड पाकीट घेऊन. सगळ्या कागदांच्या प्रिंट. "आजी, आता पूजा यांची करायची. खरे कागद पेटीत, पेटी कपाटात." मी म्हटलं बरं. पाट मांडला, रांगोळी काढली. सगळ्यात वर नानांचा दाखला, आमच्या जिलेटीनच्या स्कॅनचा. पांढराशुभ्र कागद, काळी अक्षरं. इयत्तेची ओळ तर एवढी ठळक की स्वयंपाकघरातून वाचता यावी.

हे सोवळं नेसून आले, पाटाशी बसले आणि डबीतून चष्मा काढला. "अरे वा! काय स्वच्छ निघालाय नानांचा दाखला. बघू बरं."

त्यांचा हात कागदाकडे जायच्या आत मी अनामिका हळदीत बुडवली, मग कुंकवात, आणि इयत्तेच्या ओळीवर एक गोल लावला. मोठ्ठा. चांगला दाबून.

"अगं, अक्षरावर कशाला लावतेस?" हे म्हणाले. "एवढी जागा मोकळी आहे वर."

"ही नानांची जागा आहे," मी म्हटलं. "ते इथंच लावायचे."

"हो, ते खरं," हे म्हणाले, आणि चष्मा काढून हात जोडले.

नातीने ताटातलं फूल उचललं आणि माझ्या कुंकवावर ठेवलं.